पिशवीचा नंबर

माझी सवत कोण, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगेन, शहराची नवी बस. हसू नका. नवऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमचे हे दिवसभर बिघडलेले पंखे उघडून बसलेले असतात, त्यांच्याकडे दुसरी कुणी ढुंकूनही बघायची नाही. त्या बसनं पळवलं ते माझ्या सासूला.

शहर वाढत गेलं तसं नदीपलीकडे नगरपालिकेनं नवी वसाहत बांधली. परवडतील अशी घरं, आणि ती सोडतीनं मिळायची. आम्ही अर्ज केला, धाकट्या दिरानंही केला. सोडतीच्या दिवशी आम्ही दोघी जावा शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा धाकटीनं माझा हात इतक्या जोरात दाबला की बोटं कळवळली. मी हसले. ते हसू चेहऱ्यावर टिकवायला काय कष्ट पडले ते माझं मला ठाऊक. आमची चिठ्ठी डब्याच्या तळाशीच राहिली, बहुतेक अजूनही तिथंच असेल.

त्या दिवसापासून मी धाकटीला पाण्यात बघते. उघडच सांगते, कारण लपवून उपयोग नाही. माझ्या मनातलं सगळं आधी माझ्या कपाळावर उमटतं.

आम्ही जुन्या भागात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. जिन्यातला दिवा लागला तर लागला. पाणी सकाळी थोडा वेळ येतं, तेही खाली अंगणातल्या नळाला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट मिळवायची तर आधी नंबर लावावा लागतो, आणि तो माणसानं उभं राहून लावायचा नसतो. त्यासाठी वस्तू असते. नळापुढे बादली, दाखल्यांच्या खिडकीपुढे चप्पल, सरकारी दवाखान्याच्या दारात पिशवी. वस्तू ठेवायची, घरी जाऊन चहा घ्यायचा, केर काढायचा आणि दार उघडायच्या सुमारास जाऊन आपल्या वस्तूच्या जागी उभं राहायचं. दुसऱ्याची पिशवी हलवायची कुणाची छाती होत नाही. एकदा एकानं हलवली होती, त्याच्याशी गल्लीत अजून कुणी धड बोलत नाही. नंबर लावण्यात माझा हात धरणारी सबंध इमारतीत दुसरी नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे.

सासूबाईंचं सगळं माझ्या हातावर चालायचं. मी घरी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पँटी आखूड करणं, चेन बदलणं, असलंच. मशीन चालू असलं तरी एक कान आतल्या खोलीकडे असायचा. "अगं, जरा धर गं," अशी हाक आली की मी सुई तशीच कापडात सोडून उठायची. जिना उतरताना त्यांचा एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्यावर. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी "काहीतरीच काय" म्हणायची आणि दिवसभर ते वाक्य मनात घोळवायची.

मग त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले. नव्या वसाहतीतल्या नगरपालिकेच्या दवाखान्यात गुडघ्यांचे व्यायाम फुकट करून घेतात, असं भावजींनी सांगितलं. आठवडाभर म्हणून त्या तिकडे गेल्या. आठवड्यावर आठवडे गेले आणि फोनवरची भाषा बदलली. आधी "तू कशी आहेस" असायचं.

"अगं, इथली बस माणसापाशी येऊन खाली वाकते!" एक दिवस सासूबाई म्हणाल्या. "पायरीच नाही तिला. म्हाताऱ्यांना तिकीटही नाही. मी एकटी जाते दवाखान्यात."

"एकट्या?"

"एकटी!"

त्या 'एकटी'त असा काही आनंद होता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी धरून नेलं तेव्हा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पुढच्या फोनला बागेतली बाकं आली, मग वाचनालयातली पंख्याखालची खुर्ची, मग दिवसभर येणारं पाणी. धाकटीनं काय रांधून घातलं त्याचं कौतुक केलं असतं तर मी समजू शकले असते, त्याहून चांगलं रांधून दाखवलं असतं. पण कौतुक नळाचं चाललं होतं. नळाशी भांडायचं तरी कसं?

"मी आईंना आणायला जाते," मी ह्यांना म्हटलं.

"राहू दे की अजून थोडे दिवस. बरं वाटतंय तिला तिथं."

"तुम्ही पंखा बघा."

पुलापर्यंत आमच्याकडची खडखडती गाडी, तिथून ती नवी बस. ती खरंच वाकली. मी सवयीनं उंच पायरीसाठी पाय उचलला, पायरी नव्हतीच, आणि तोंडघशी पडता पडता वाचले. आत सगळं लखलखीत होतं. मी शोधून शोधून एका सीटची उसवलेली शिवण काढली. दोरा हलका वापरला होता. तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

धाकटीनं हसत दार उघडलं. "या ना ताई! उन्हातून आलात, आधी तोंड धुऊन घ्या." तिनं नळ सोडला आणि माझ्याशी बोलत उभी राहिली. पाणी वाहतंय आणि ही बोलतेय.

"अगं, बंद कर ना आधी!" मी ओरडले.

"असू द्या हो. इथलं जात नाही पाणी."

मीच जाऊन नळ बंद केला. ती मुद्दाम टेंभा मिरवत होती की तिला खरंच सवय झाली होती, मला कळलं नाही. सवय झाली असेल तर ते मला जास्त झोंबणार होतं.

सासूबाई घरात नव्हत्या. मी येणार हे माहीत असून नव्हत्या. थोड्या वेळानं कुलपात किल्ली फिरली आणि त्या आत आल्या, काखेत वाचनालयाचं मासिक, हातात किल्ली. आमच्या घरी त्यांच्याकडे कधी किल्ली नव्हती, त्यांना बाहेर एकटं जायचंच नसायचं तर किल्ली कशाला? चेहऱ्यावर तजेला आलेला. मला बघून त्यांना आनंद झाला, नाही असं नाही. पण तो पाहुणीला बघून होतो तसा.

"आई, मी न्यायला आलेय," मी चहा संपायच्या आत म्हटलं.

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, धाकटीकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या सकाळी माझी तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई गुडघे बघून सांगणार, जिने चढायचे की नाही ते. त्या नको म्हणाल्या तर तीन मजले मी कशी चढणार गं?"

"आणि चढा म्हणाल्या तर?"

"मग बघू."

"बघू नाही आई. मग चलायचं माझ्याबरोबर."

"बरं," त्या म्हणाल्या. तो 'बरं' मी गाठीला बांधून ठेवला.

"सकाळी दहाची वेळ दिलीय त्यांना," धाकटी म्हणाली. "इथं वेळ देतात, ताई. जायचं, नाव सांगायचं, खुर्चीत बसायचं."

वेळ देतात म्हणे! मला जन्मात कुणी वेळ दिलेली नाही. सरकारी दवाखाना तो सरकारी दवाखाना, दहाची वेळ अख्ख्या वसाहतीला दिली असणार. मला दुपारच्या आत निघायचं होतं, गणवेशांचा ढीग मशीनवर तसाच टाकून आले होते. आणि खरं सांगायचं तर धाकटीला एकदा दाखवायचं होतं की आईंचा पहिला नंबर लावणारी अजून जिवंत आहे.

पहाटे सगळे झोपलेले असताना मी उठले. सासूबाईंची पिशवी घेतली. ती मीच शिवलेली, गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांची, निळे आणि राखाडी चौकोन जोडून. वाऱ्यानं उडू नये म्हणून आत काहीतरी जड हवं, म्हणून धाकटीच्या ओट्यावरचा लोखंडी खलबत्ता आत घातला. दवाखान्यापाशी जाऊन काचेच्या दारापुढे पिशवी मधोमध ठेवली. आसपास एकही वस्तू नव्हती. एक बाटली नाही, एक फाटकी चप्पल नाही, वीटसुद्धा नाही. मला वाटलं, काय आळशी माणसं आहेत! परत आले, चहा केला आणि धाकटीला हाक मारून उठवलं. कधी नव्हे ती तिच्या घरात मी तोऱ्यात वावरत होते.

वेळ झाली तशा आम्ही तिघी निघालो. मी पुढे. कोपऱ्यावर वळलो तर रस्त्यात माणसंच माणसं. दवाखान्यापुढे पट्टी बांधलेली, नर्सबाया रस्त्याच्या अलीकडे येऊन उभ्या राहिलेल्या, आणि एक पोलीस कर्ण्यातून सगळ्यांना मागे सरायला सांगत होता. बसही दुसऱ्या रस्त्यानं वळवली होती.

"काय झालं हो?" धाकटीनं एका नर्सबाईंना विचारलं.

"दारात बेवारस पिशवी सापडलीय. पहारेकऱ्यानं जरा उचलून पाहिली तर आत लोखंडाचं काहीतरी जड आहे. बॉम्ब तपासणारी माणसं यायचीत."

मी टाचा उंचावून बघितलं. रिकाम्या फरशीवर माझे निळे-राखाडी चौकोन ऊन खात बसले होते.

"ताई," धाकटी माझ्या कानाशी लागली, "ती आईंची पिशवी नाही ना?"

"तशा पुष्कळ असतात."

"तुम्ही शिवलीत ती एकच आहे."

"हळू बोल गं!"

"आणि माझा खलबत्ता सकाळपासून मिळत नाहीये."

मी तिच्याकडे पाहिलं. हसू दाबून दाबून तिचं तोंड लाल झालं होतं. मला तिचा इतका राग आजवर कधी आला नव्हता, आणि मी तिचाच हात घट्ट धरून उभी होते. पुढे होऊन 'पिशवी माझी' म्हणायला हवं होतं. पण सगळ्या नव्या वसाहतीपुढे, धाकटीच्या शेजारणींपुढे, जुन्या भागातली अडाणी बाई म्हणून उभं राहायचं? पाय जागचे हलेनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात सासूबाई चालायला लागल्या.

मी धरायला हात पुढे केला तोवर त्या चार पावलं गेल्या होत्या. ना कठडा, ना खांदा. गर्दीतून वाट काढत पट्टीपाशी पोचल्या आणि पट्टीखालून वाकून पलीकडे गेल्या. वाकून! आमच्याकडे पडलेलं बटण उचलायलाही त्यांना मी लागायची.

"आजी, मागे व्हा! आजी!" पोलीस धावला.

"ओरडतोस कशाला बाबा? माझी पिशवी आहे ती."

"हात लावू नका तिला!"

"अरे, माझ्या सुनेनं नंबर लावलाय," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडे असाच लावतात. पहाटे उठून आली असेल ती, माझ्यासाठी." आणि पोलीस पोचायच्या आत त्यांनी पिशवीतून खलबत्ता काढून वर धरला.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा रस्ता हसायला लागला. माझ्याशेजारचे एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "खरं आहे, खरं आहे. जुन्या भागात असाच लावायचा. मी वीट ठेवायचो." धाकटी तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

'माझ्या सुनेनं' म्हणाल्या. कुठल्या सुनेनं ते सांगायची गरजच नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते त्या शब्दानं आलं की त्या पट्टीखालून वाकल्या ते बघून आलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्या मला न धरता चालल्या याचा संतापही येत होता. दोन्ही एकदमच.

मग मी पुढे गेले. पोलिसानं मला बाजूला घेऊन चांगलं झापलं. मी मान खाली घालून सगळं ऐकलं, एरवी मला एक शब्द ऐकून घ्यायची सवय नाही. त्या भानगडीत सगळ्यांच्या वेळा पुढे गेल्या आणि पहिला नंबर लावलेल्या आम्ही शेवटी आत गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सासूबाईंचे गुडघे दाबून, वाकवून पाहिले, मग दवाखान्याच्या जिन्यावरून वर जाऊन खाली यायला सांगितलं. सासूबाई गेल्या आणि आल्या. मी खाली श्वास रोखून उभी होते.

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मध्येमध्ये थांबत तीन मजले चढायला काही हरकत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी धाकटीकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला होता. खरंच उतरला होता, नाटक नव्हतं. मला ते बघून फार गोड वाटलं.

"चला आई," बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कपडे भरू या."

सासूबाई दवाखान्यासमोरच्या बाकावर बसल्या आणि बाजूची जागा थोपटली. धाकटी शहाणी, औषधांचं निमित्त काढून परत आत गेली.

"चढू शकते गं मी," सासूबाई म्हणाल्या. "पण मला चढायचं नाहीये."

"काल बरं म्हणालात."

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाले. वाटलं, डॉक्टरीणबाईच नको म्हणतील आणि माझी सुटका होईल."

सुटका! "माझं काय चुकलं, आई?"

"तुझं कुठं काय चुकलं? तू केलंस तेवढं पोटच्या पोरीनं केलं नसतं. पण तिथं मला जाग आली की मी पडून राहायची. आधी तू पाणी भरून वर येईपर्यंत, मग मशीन थांबेपर्यंत. संडासला जायचं असलं तरी कानोसा घ्यायची, तू कामात आहेस का. मग हाक मारायची आणि तुझा चेहरा बघायची."

"मी कधी तोंड वाकडं केलं?"

"कधीच नाही. त्याचीच तर जास्त लाज वाटायची गं."

मी पिशवीच्या चौकोनांवरची शिवण बोटानं चाचपत राहिले.

"धाकटीसाठी राहत नाही मी इथं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "तिच्या हातचा भात तुला माहीत आहे. पण इथं मला जावंसं वाटलं की मी उठते आणि जाते. इतकंच. म्हातारपणी एवढं मिळेल असं मला वाटलं नव्हतं."

"मग आमच्याकडे कधी येणार?"

"येईन की. पुलापर्यंत ही बस आहेच, पुढचं माझं मी बघीन. तू न्यायला येऊ नकोस."

दुपारी त्या मला थांब्यावर सोडायला आल्या. त्या मला सोडायला! बस आली, वाकली. चढताना माझा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे गेला, आणि मग मी तो खाली घेतला, कारण बसमध्ये मी चढत होते, त्या नव्हे. "सांभाळून जा," त्या म्हणाल्या.

बस निघाली. त्या हात हलवतील म्हणून मी खिडकीतून बघत राहिले. त्यांनी पाठ फिरवली होती. बागेच्या फाटकाशी त्यांच्याच वयाच्या दोघी उभ्या होत्या, त्यांच्याकडे निघाल्या होत्या. मध्येच थांबल्या, एका पायावर उभं राहून चपलेतला खडा झटकला आणि पुढे गेल्या. घाई अशी, जणू शाळा सुटलीय.

आणि माझ्या पोटात दुखलं. या खेपेला धाकटीमुळे नाही, तिची मला आठवणही नव्हती. मला माझ्या सासूचा हेवा वाटला. मी म्हातारी होईन तेव्हा त्याच तिसऱ्या मजल्यावर असेन. माझी सून चांगलीच निघेल, धरून नेईल, तोंड वाकडं करणार नाही, आणि मी पडल्या पडल्या तिचं काम थांबायची वाट बघेन. कुणाला न विचारता बागेत निघालेल्या त्या बाईसारखं मला व्हायचं होतं, आणि माझ्या भागात ते कुठल्या खिडकीवर मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. इतका हेवा मला त्या सोडतीच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता.

घरी पोचले तेव्हा ह्यांनी पंख्याचं पातं हातात घेऊनच दार उघडलं. माझ्या मागे जिन्यात डोकावून बघितलं, पातं खाली ठेवलं आणि हात पुसत दोन पायऱ्या उतरले.

"आई खाली थांबलीय ना? मी आणतो तिला धरून."

"नाही," मी म्हटलं. "त्या बागेत गेल्यात."